काचेचा बांबू

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व आणि दक्षिण भागात, म्हणजे सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव या तालुक्यांच्या जंगलपट्ट्यात, धनुष्याला लागणारे जवळजवळ सर्व साहित्य जमिनीतूनच उगवते. डोंगरउतारावर मानवेल हा बारीक, बहुतांशी भरीव बांबू वाढतो, ओढ्याकाठच्या खोल मातीत काटस हा जाड व पोकळ बांबू वाढतो, आणि मिश्र पानझडी जंगलात धामण हा वृक्ष आढळतो, ज्याचे लाकूड इतके लवचिक असते की संस्कृतात त्याला धनुर्वृक्ष हेच नाव पडले. या पट्ट्यातील गोंडांच्या भाषेत धनुष्याला ‘विल’ म्हणतात. तमिळमध्येही धनुष्याचा शब्द ‘विल्’ असाच असून, गोंडी ही द्राविड कुळातील भाषा असल्याची साक्ष या एका शब्दातूनही मिळते. मराठीत हीच वस्तू कमान, कमठा, तिरकमठा अशा नावांनी ओळखली जाते.

फायबरग्लासचे, म्हणजे काचतंतू आणि राळ यांच्या मिश्र पदार्थाचे, धनुष्य वरवर पाहता या परंपरेच्या बाहेरचे वाटते, कारण त्याचे साहित्य कारखान्यातून येते आणि ते चिकटवण्यासाठी रसायने लागतात. तथापि रचनेच्या दृष्टीने पाहिले तर काचतंतूंची पट्टी म्हणजे माणसाने घडवलेली बांबूची साल होय, आणि अशा धनुष्याच्या गाभ्यात बहुधा खरा बांबूच वापरला जातो. बदलतो तो कारागिराच्या निर्णयाचा क्षण. बांबूचे धनुष्य तासता तासता सुधारता येते, तर काचेच्या धनुष्याचे बरेचसे भवितव्य चिकटवण्याआधीच ठरते. साध्या सुतारी हत्यारांनी असे धनुष्य कसे घडते, याचे विवेचन पुढे याच भेदाच्या आधारे केले आहे.

वाकणाऱ्या पट्टीचे गणित

धनुष्याच्या अंगांची नावे आधी लक्षात घेतली पाहिजेत. मध्यभागी धरण्याची जागा ती मूठ, मुठीच्या वर आणि खाली वाकणारे दोन भाग ते बाहू, बाहूंची टोके ती अटनी, आणि टोकांना जोडणारी दोरी ती प्रत्यंचा. प्रत्यंचेला ज्या, मौर्वी, गुण आणि शिंजिनी अशीही जुनी नावे आहेत, पैकी शिंजिनी हे नाव तिच्या झंकारावरून पडलेले आहे. लक्ष्याकडे असणाऱ्या पृष्ठभागाला पाठ आणि धनुर्धराकडे असणाऱ्या पृष्ठभागाला पोट म्हणतात. धनुष्य ओढले जाते तेव्हा पाठ ताणली जाते, पोट दाबले जाते, आणि या दोहोंच्या मध्ये एक असा थर राहतो की ज्यावर ताणही नसतो आणि दाबही नसतो. त्याला उदासीन थर म्हणतात. मध्यापासून जितके दूर जावे तितका ताण वाढत जातो, त्यामुळे खरे काम पृष्ठभागावरचे थर करतात आणि मधल्या भागाचे मुख्य काम त्या दोन थरांना एकमेकांपासून योग्य अंतरावर धरून ठेवणे एवढेच असते.

बांबूने हे तत्त्व आपल्या वाढीतच स्वीकारलेले आहे. त्याचे बळकट तंतू बाहेरच्या सालीजवळ दाट आणि आतल्या बाजूस विरळ असतात, सालीत सिलिका असते, आणि तंतूंना एकत्र बांधण्याचे काम लिग्निन हा नैसर्गिक बंधक पदार्थ करतो. म्हणूनच बांबूच्या धनुष्यात साल शक्यतो अबाधित ठेवून आतल्या बाजूने तासत जाणे श्रेयस्कर ठरते, कारण सालीवर एक तिरपा घाव पडला तरी तेथून तंतू उसवत जातात. मध्य भारतातील गोंड, माडिया आणि भिल्ल यांच्या धनुष्यांत प्रत्यंचादेखील पुष्कळदा बांबूच्या चिवट कामटीची, म्हणजे उभ्या चिरलेल्या पातळ पट्टीची, असते. धनुष्याच्या दांड्यातील आणि दोरीतील पदार्थ अशा प्रकारे एकच असतो.

ताठरपणा, म्हणजे वाकण्यास होणारा विरोध, हा पट्टीच्या रुंदीच्या सरळ प्रमाणात आणि जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. रुंदी दहा टक्क्यांनी कमी केली तर ताठरपणा दहा टक्क्यांनीच कमी होतो; जाडी मात्र दहा टक्क्यांनी कमी केली तर ०.९ चा घन ०.७२९ येत असल्याने ताठरपणा सुमारे २७ टक्क्यांनी घटतो. धनुष्य घडवणाऱ्याचे निम्मे कौशल्य या एका नियमात सामावलेले आहे, कारण मोठा बदल हवा असेल तेव्हा जाडीला हात लावायचा आणि बारीक बदल हवा असेल तेव्हा रुंदीला, हे त्यातूनच निघते.

शृंगापासून काचेपर्यंत

निरनिराळे पदार्थ एकत्र चिकटवून धनुष्य करण्याची कल्पना जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्याच्या साहित्यांत ताड, बांबू, लाकूड आणि शिंग असे चार प्रकार सांगितले आहेत, आणि विष्णूच्या धनुष्याचे शार्ङ्ग हे नाव शृंग, म्हणजे शिंग, या शब्दावरूनच आलेले आहे. मध्य आणि पश्चिम आशियातील संयुक्त धनुष्यात पोटावर शिंग, पाठीवर जनावराचे स्नायुतंतू आणि मध्ये लाकडाचा पातळ गाभा असे तीन थर सरसाने जोडलेले असत; शिंग दाब उत्तम सहन करते आणि स्नायू ताण उत्तम सहन करतात, म्हणून प्रत्येकाला त्याच्या स्वभावाप्रमाणे जागा मिळे. अशा धनुष्याचा शत्रू दमट हवा हा होता, कारण सरस पाण्याने सैल पडतो. पुढे भारतात पोलादाची धनुष्येही घडवली गेली. ती वेगात उणी असली तरी शस्त्रागारात पावसाळ्यामागून पावसाळे टिकत. चार महिने ओलसर हवा असणाऱ्या भाताच्या पट्ट्यात मात्र बांबूचे एकसंध धनुष्य, जे सरसावर अवलंबून नाही आणि मोडले तर दुसऱ्या दिवशी नवे करता येते, हाच शहाणपणाचा पर्याय होता.

वेगवान आणि तरीही टिकाऊ धनुष्य कसे करावे, या प्रश्नाला विसाव्या शतकात दोन दिशांनी उत्तर मिळाले. १९३० च्या दशकात अमेरिकेत क्लॅरेन्स हिकमन आणि पॉल क्लॉपस्टेग या भौतिकशास्त्रज्ञांनी बाहूचा छेद मोजमाप करून अभ्यासला, आणि इंग्रजी लांब धनुष्याच्या गोलसर जाड छेदापेक्षा रुंद, सपाट, आयताकृती छेद अधिक कार्यक्षम असतो, असे दाखवून दिले. त्याच दशकात काच वितळवून तिचे बारीक तंतू कारखान्यात काढण्याचे तंत्र विकसित झाले, १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी त्यासाठी स्थापन झाली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत मिशिगनमधील फ्रेड बेअर आणि इतर धनुष्यकारांनी लाकडी गाभ्याच्या दोन्ही अंगांना काचतंतूंचे पातळ थर चिकटवून धनुष्ये बाजारात आणली. शिंग आणि स्नायू या दोहोंची जागा एकाच पदार्थाने घेतली, आणि दमट हवेची भीतीही बरीचशी संपली. आज नागपूरच्या ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिन येथे जिंकलेल्या जागतिक अजिंक्यपदासारख्या स्पर्धांत जी कप्पीवाली, म्हणजे कंपाउंड, धनुष्ये वापरली जातात, त्यांच्या बाहूंतही राळेत बांधलेल्या तंतूंचे हेच तत्त्व काम करते. भारतीय तिरंदाजीत नवशिक्यांसाठी बांबूच्या धनुष्याचा ‘इंडियन राउंड’ हा स्वतंत्र प्रकारही टिकून आहे.

साहित्याची निवड

काचतंतू या नावाने बाजारात मिळणारी प्रत्येक वस्तू धनुष्याला चालत नाही. पाण्याच्या टाक्या, मूर्ती, घसरगुंड्या आणि दारे करणाऱ्या कारखान्यांत जी चटई वापरली जाते, तिच्यात तोडलेले तंतू वाटेल त्या दिशेने पसरलेले असतात. ती सर्व दिशांना सारखी बळकट असते, परंतु धनुष्याला बळ एकाच दिशेने, म्हणजे बाहूच्या लांबीच्या दिशेने, हवे असते. म्हणून ज्या पट्टीत सर्व तंतू एकाच दिशेने समांतर बसवलेले आहेत अशी एकदिश पट्टीच निवडावी लागते. तिची जाडी साधारण एक मिलिमीटर असते आणि गाभ्याला चिकटणारी तिची बाजू मुद्दाम खरखरीत केलेली असते.

संपूर्ण काचतंतूचे भरीव धनुष्य लहान मुलांच्या खेळासाठी बनवले जाते आणि ते जवळजवळ मोडत नाही, पण ते मंद असते, कारण काच व राळ यांचा मिश्र पदार्थ बांबूच्या दुपटीहून अधिक जड असतो आणि बाण सोडताना धनुष्याला स्वतःच्या जड बाहूंनाही पुढे फेकावे लागते. काच पृष्ठभागावर ठेवून मध्ये हलका गाभा घातला, तर हा दोष टळतो. मुठीजवळ एकूण नऊ मिलिमीटर जाडीच्या बाहूत पाठीला एक आणि पोटाला एक मिलिमीटर काच आणि मध्ये सात मिलिमीटर बांबू आहे, असे मानू. एकदिश काचपट्टीचा ताठरपणा बांबूच्या सुमारे अडीच ते पावणेतीन पट धरला, तर जाडीच्या जेमतेम २२ टक्के असलेली ही काच बाहूच्या एकूण ताठरपणापैकी सुमारे तीन चतुर्थांश भार वाहते.

गाभ्यासाठी मानवेल आणि काटस यांपैकी कोणता बांबू घ्यावा, हा प्रश्न भूमितीने सुटतो. बाहूची रुंदी ३८ मिलिमीटर हवी असेल आणि पट्टी ७५ मिलिमीटर व्यासाच्या बांबूतून काढली, तर सालीची गोलाई सपाट करताना मधोमध पाच मिलिमीटरहून अधिक जाडीचा भाग रंध्याखाली जातो, आणि तो नेमका सर्वांत दाट तंतूंचा भाग असतो. १५० मिलिमीटर व्यासाच्या काटसाच्या बुंध्यातून तीच पट्टी काढली तर हे नुकसान सुमारे अडीच मिलिमीटरवर येते. याहून चांगला उपाय म्हणजे तेरा तेरा मिलिमीटर रुंदीच्या तीन अरुंद कामट्या काढून त्या कडेला कड लावून चिकटवणे. मग ७५ मिलिमीटर व्यासाच्या बांबूतही प्रत्येक कामटीची गोलाई अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच राहते. कामट्यांवरील गाठी एका रेषेत येऊ न देता मागेपुढे सरकवाव्या लागतात, कारण गाठीपाशी तंतू वळलेले असतात आणि सर्व गाठी एकत्र आल्या तर तेथे बाहू कमजोर होतो.

मुठीसाठी शिसव किंवा बिजा यांसारखे घट्ट लाकूड योग्य ठरते. सागही चालतो, परंतु तो तेलकट असल्याने चिकटवण्यापूर्वी त्याचा पृष्ठभाग ताजा रंधून थिनरने पुसणे आवश्यक असते. कोणतेही लाकूड वा बांबू सावलीत काही महिने वाळवूनच वापरावा लागतो, कारण ओल आत राहिली तर चिकटवलेला सांधा पुढे सुटतो. पावसाळ्यात काम करायचे असेल तर तयार पट्ट्या बंद खोलीत दिव्याच्या उबेत ठेवण्याची काळजी घ्यावी लागते. घराच्या आवारातील किंवा शेतातील बांबू तोडण्याचे बंधन आता शिथिल झालेले आहे, कारण २०१७ मध्ये भारतीय वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेर वाढणारा बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला. जंगलातील बांबूला मात्र वनहक्क आणि वनविभाग यांचे नियम लागू राहतात.

उतार आणि साचा

बाहू मुठीपाशी जाड आणि टोकाकडे पातळ असावा लागतो, कारण दोरीच्या ओढीचा परिणाम मुठीजवळ सर्वाधिक आणि टोकाशी सर्वांत कमी असतो. जाडी सर्वत्र सारखी ठेवली तर बाहू मुठीपाशीच वाकतो आणि टोके निष्क्रिय राहतात. जाडीच्या या हळूहळू घटण्याला येथे उतार म्हटले आहे. १७० सेंटिमीटर लांबीच्या धनुष्यात गाभ्याचा उतार दर १०० मिलिमीटरला ०.२ मिलिमीटर इतका ठेवला, तर मध्यापासून टोकापर्यंतच्या ८५ सेंटिमीटरमध्ये जाडी १.७ मिलिमीटरने कमी होते, म्हणजे सातचा गाभा टोकाशी ५.३ उरतो.

इतका सूक्ष्म उतार डोळ्यांनी साधत नाही, पण त्यासाठी यंत्राचीही गरज नसते. एका सरळ फळीवर दोन्ही कडांना अशा पट्ट्या ठोकाव्यात की त्यांची उंची एका टोकाला सात आणि दुसऱ्या टोकाला ५.३ मिलिमीटर भरेल. मध्ये कामटीची पट्टी दुतोंडी टेपने बसवून, सपाट लाकडी ठोकळ्याला जाड पॉलिश पेपर लावून ती घासत जावी, आणि ठोकळा कडेच्या पट्ट्यांना टेकू लागला की थांबावे. व्हर्नियर कॅलिपरने दर १० सेंटिमीटरला दोन्ही कडांची जाडी मोजून खडूने लिहून ठेवणे ही या कामातील सर्वांत मोलाची सवय आहे, कारण वरच्या आणि खालच्या बाहूंच्या पट्ट्यांत मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाचा फरकही पुढे ओढीत जाणवतो.

साचा म्हणजे ज्यावर धनुष्याचे थर चिकटून आकार घेतात तो लाकडी आधार. ५० मिलिमीटर रुंदीचा, प्लायवूडचे तुकडे एकत्र करून बनवलेला आणि वरची कड हव्या त्या वळणात कापलेला साचा पुरेसा होतो. साच्याच्या पृष्ठभागावर प्लॅस्टिकची चिकटपट्टी लावून त्यावर मेण फिरवावे लागते, अन्यथा धनुष्य साच्यालाच कायमचे चिकटते. दाब देण्यासाठी मोठ्या कार्यशाळांत हवा भरलेली नळी वापरतात; घरगुती कामात सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या कापून त्या ताणून एकावर एक गुंडाळल्या आणि मुठीजवळ काही क्लॅम्प लावले, तर दाब सर्वत्र सारखा बसतो. दाब गरजेपेक्षा अधिक झाला तर राळ बाहेर पिळून जाते आणि सांधा कोरडा राहतो, म्हणून ट्यूब घट्ट असावी, पण आवळून काचणारी नसावी.

चिकटवण्याची वेळ

बंधक म्हणून दोन भागांची इपॉक्सी राळ वापरणे योग्य ठरते. टाक्या करणाऱ्यांकडील पॉलिएस्टर राळ स्वस्त असली तरी ती लाकूड व बांबू यांना तितकी घट्ट धरत नाही, शिवाय तिच्या हार्डनर आणि प्रवेगक या दोन रसायनांचा थेट संपर्क झाला तर भडका उडू शकतो. इपॉक्सीत राळ व हार्डनर यांचे प्रमाण वजनकाट्यावर मोजूनच घ्यावे लागते. हार्डनर जास्त घातल्याने सांधा लवकर व पक्का होतो ही समजूत चुकीची आहे, कारण प्रमाण बिघडले की उरलेला भाग कधीच नीट बसत नाही.

मिश्रण केल्यापासून ते घट्ट होऊ लागेपर्यंत जो अवधी मिळतो त्याला कार्यकाल म्हणतात, आणि येथे गोंदियाचे हवामान थेट हस्तक्षेप करते. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, म्हणून २५ अंशांवर चाळीस मिनिटे चालणारी राळ मे महिन्यात ४४ अंशांच्या दुपारी दहा-बारा मिनिटांतच दगा देते. यावर उपाय दोन आहेत: काम भल्या पहाटे करावे, आणि मिश्रण खोल भांड्यात न ठेवता पसरट ताटलीत ओतावे, कारण खोल भांड्यात क्रियेची उष्णता साठून ती आणखी भडकते.

चिकटवण्यापूर्वी सर्व थर कोरडेच साच्यावर रचून, मुठीचे लाकूड ज्या पातळ धारेत संपते ती धार गाभ्यावर कुठेही पोकळी न ठेवता टेकते की नाही, हे पाहून घ्यावे लागते. मग काचेची खरखरीत बाजू थिनरने पुसावी, तिला बोट लागू देऊ नये, आणि प्रत्येक सांध्याच्या दोन्ही पृष्ठभागांना राळ फासून पाठीची काच, गाभा, मूठ आणि पोटाची काच असे थर क्रमाने बसवावेत. राळ ओली असताना थर वंगणावर ठेवल्यासारखे घसरतात, म्हणून मध्यावर एक बारीक खुंटी घालून ते जागच्या जागी रोखणे आवश्यक असते. इतके करून ट्यूब गुंडाळली की पुढचे २४ तास हात लावू नये.

आकार देणे

साच्यातून निघालेली वस्तू ही अजून धनुष्य नसते. ती सर्वत्र सारख्या रुंदीची, कडांना घट्ट राळेचे काचेसारखे तीक्ष्ण ओघळ लागलेली जाड पट्टी असते. हे ओघळ हातमोजे घालून कानसेने पाडावे लागतात. त्यानंतर टोकापासून टोकापर्यंत ताणलेल्या दोऱ्याने मध्यरेषा ठरवून, काचेवर चिकटवलेल्या कागदी टेपवर बाहूची रूपरेषा आखतात: मूठ संपते तेथे ३८ मिलिमीटर आणि टोकाशी बारा ते पंधरा मिलिमीटर.

कापण्यासाठी बारीक दातांचे हॅक्सॉ ब्लेड पुरते, आणि रेषेपासून दोन मिलिमीटर बाहेर कापून उरलेले काम कानसेने करणे सुरक्षित असते. येथे कानस चालवण्याच्या दिशेला महत्त्व आहे. कानस काचेकडून गाभ्याकडे, म्हणजे पृष्ठभागावरून आत, ढकलावी. गाभ्याकडून काचेकडे ढकलली तर ती काचतंतूंना खालून उचलते आणि कडेला फुटलेले तंतू उभे राहतात. असा एक उभा तंतूही बाहूच्या अंगावर पुढे भेग बनून वाढू शकतो. कडा शेवटी किंचित गोल करून घेतात, कारण धारदार कडेवर ताण एकवटतो आणि भेग तेथूनच सुरू होते.

काचतंतूंची धूळ हा या कामातील खरा धोका आहे. तिचे सूक्ष्म कण कातडीला, डोळ्यांना आणि श्वसनमार्गाला त्रास देतात, म्हणून घासकाम उघड्यावर, पाण्याने ओल्या केलेल्या पॉलिश पेपरने आणि नाकावर धूळरोधक मास्क लावून करावे लागते, तसेच अंगावरचे कपडे घरातील इतर कपड्यांपासून वेगळे धुवावे लागतात. इपॉक्सीचा वारंवार स्पर्श झाल्यास कातडीला कायमची ॲलर्जी जडू शकते, म्हणून चिकटवतानाही हातमोजे अनिवार्य आहेत.

टोकांशी दोरी अडकवण्यासाठी खाच हवी असते, परंतु ती पाठीच्या काचेत कोरली तर तेथील तंतू तुटतात. म्हणून टोकावर शिंगाचा, शिसवीचा किंवा काचपट्टीचाच छोटा तुकडा चिकटवून, बारीक गोल कानसेने खाच त्या तुकड्यात काढतात.

समतोल साधणे

दोन्ही बाहू सारखे आणि सुरेख कमानीत वाकतील अशी जुळणी करणे, ज्याला धनुष्यकार टिलरिंग म्हणतात, हा या कलेचा गाभा आहे. धनुष्य भिंतीवरील खुंटीला मुठीतून टांगून, कप्पीवरून दोरी ओढत, दूर उभे राहून दोन्ही बाहूंकडे पाहिले की कोणता बाहू ताठ आहे आणि कोणता अधिक वाकतो हे दिसते. भिंतीवर चौकटी आखून ठेवल्यास डोळ्याला आधार मिळतो. दोरीपासून बाहूचे अंतर मुठीपासून सारख्या लांबीवर दोन्हीकडे मोजतात, आणि खालच्या बाहूचे अंतर तीन ते सहा मिलिमीटरने कमी राहील, म्हणजे तो किंचित ताठ असेल, असे पाहतात, कारण हाताची पकड आणि बाण यांची जागा एकच नसल्याने खालच्या बाहूवर थोडा जास्त भार येतो.

बांबूच्या धनुष्यात ताठ भाग आढळला की पोटाच्या बाजूने कोयत्याची धार किंवा काचेचा तुकडा फिरवून जाडी कमी करतात, पुन्हा वाकवतात, पुन्हा पाहतात, आणि असे वीस वेळाही करता येते. काचेच्या धनुष्यात हा मार्ग जवळजवळ बंद असतो. वर मानलेल्या नऊ मिलिमीटरच्या बाहूत एका बाजूची फक्त ०.२ मिलिमीटर काच घासली, तर ताठरपणा सुमारे नऊ ते दहा टक्क्यांनी घटतो. पॉलिश पेपरच्या काही फेऱ्यांत इतकी काच सहज जाते, आणि उरलेल्या थराच्या पृष्ठभागावर तुटलेले तंतू उघडे पडतात. म्हणून दुरुस्ती कडांवरून, रुंदीतून, करावी लागते. तेवढ्याच बदलासाठी ३८ मिलिमीटर रुंदीतून साडेतीन मिलिमीटरच्या आसपास काढावे लागतात, म्हणजे चूक करायला जागा बरीच मिळते आणि सुधारणा सावकाश होते. एखादे टोक बाजूला कलत असेल तर जी कड अधिक ताठ आहे तिच्यावरून थोडे थोडे घासून ते मध्यरेषेवर आणतात.

मात्र रुंदीने सावरता येते ते मर्यादितच. बाहूंतील फरक पंधरा-वीस टक्क्यांचा असेल तर कडा घासून तो निघेपर्यंत एक बाहू दुसऱ्याहून दृश्यपणे अरुंद होतो, आणि त्या चुकीचे मूळ उताराच्या फळीवर, कॅलिपर न लावलेल्या एखाद्या जागी, असते. बांबूचा कारागीर शेवटी पाहतो. काचेचा कारागीर तेच पाहणे आधी करतो, आणि न पाहिलेल्याची किंमत नंतर मोजतो.

ओढ, ऊर्जा आणि मर्यादा

पूर्ण ओढीला पंधरा किलो जोर लागणारे धनुष्य नवशिक्या प्रौढाला पुरेसे असते. दोरी चढवल्यावर ती मुठीपासून सुमारे १८ सेंटिमीटरवर असते आणि पूर्ण ओढीत ७१ सेंटिमीटरपर्यंत येते, म्हणजे ५३ सेंटिमीटरचा प्रवास होतो. जोर शून्यापासून समान दराने वाढतो असे धरले तर साठणारी ऊर्जा सुमारे ३९ जूल भरते. त्यातील ७० टक्के बाणाला मिळाली, तर २६ ग्रॅमचा बाण सेकंदाला सुमारे ४५ मीटर वेगाने सुटतो. उरलेली ऊर्जा बाहू आणि दोरी यांच्या हालचालीत व कंपनात जाते. यावरूनच बाण न लावता दोरी सोडणे का निषिद्ध आहे हे कळते: बाणाला जाणारा वाटाही अशा वेळी धनुष्यातच अडकतो, आणि सांधे उकलण्याची किंवा बाहू फुटण्याची शक्यता वाढते.

नवे धनुष्य एकदम पूर्ण ओढू नये. अर्ध्या ओढीत वीस-तीस वेळा वाकवून, प्रत्येक टप्प्यावर कडांवरून बोट न फिरवता कापूस फिरवून, कुठे तंतू अडकतो का ते पाहावे. नेमबाजीसाठी मोकळे मैदान, मागे मातीचा उंच बांध आणि त्यापुढे भाताच्या पेंढ्यांचे घट्ट बांधलेले लक्ष्य, एवढी व्यवस्था पुरते. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार वन्य प्राण्यांच्या शिकारीला मनाई आहे, आणि २०१३ मध्ये घोषित झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा मोठा भाग याच जिल्ह्यात येतो. त्यामुळे असे धनुष्य घेऊन जंगलाच्या दिशेने जाणे हा कायद्याच्या दृष्टीने गंभीर प्रकार ठरू शकतो.

दोन्ही धनुष्यांच्या आयुष्यमानात फरक आहे. बांबूचे धनुष्य काही ऋतूंत आपली कमान धरून बसते, सैल पडते आणि बदलले जाते, पण त्याला लागणारा खर्च कोयता आणि एक दिवस एवढाच असतो. काचेचे धनुष्य नीट जुळले तर वर्षानुवर्षे तीच ओढ देते, मात्र उन्हात बंद गाडीत राहिले तर राळ मऊ पडून सांधा सुटू शकतो, आणि काचेला भेग गेली की ते दुरुस्त होत नाही. म्हणून ज्याला काचेचे धनुष्य करायचे आहे त्याने आधी मानवेलाची दोन-तीन धनुष्ये हाताने तासावीत, हा सल्ला व्यवहाराला धरून आहे. बाहू कुठे ताठ आहे आणि कुठे वाकतो हे डोळ्याला तेथे शिकता येते, आणि त्यातली एक-दोन मोडली तरी नुकसान एका कामटीचेच होते.